कसावरतीन विचारणारं माणूस

आक्का, आज सकाळी परत मी तुम्हाला मागून हाक मारली. चहा गाळला, दोन कप भरले आणि आतूनच ओरडले, आक्का चहा घ्या, आणि उत्तर आलं नाही तर मला काही वाटलंच नाही, कारण उत्तर कधी येतच नव्हतं. मी आपली कप घेऊन ओट्यावर आले आणि ओट्यावर कोणी नाही. तुमचं पोतं तेवढं अंथरलेलं. ते अजून कोणी उचललं नाही. सुरेखाताई म्हटल्या, राहू दे गं वहिनी, मी पुढच्या खेपेला बघते, आणि तेराव्याची गंधमुक्ती झाल्यावर चाळीसगावला निघून गेल्या. तुमचा लेक सकाळी दुकानावर जातो तो दिवे लागल्यावर येतो. बाकी दिवसभर घरात मी आणि तुमचा नातू. दोन कप का भरते कोण जाणे, एक तसाच ओतून देते मोरीत.

त्या दिवशी पण असंच झालं ना. तुम्ही भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडत होत्या. मी आतून हाक मारली, तुम्ही काही बोलल्या नाही, मी म्हटलं नेहमीचंच, आणि कणीक मळायला घेतली. चहावर साय धरली तेव्हा बाहेर आले. सूप मांडीवर तसंच, खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला, आणि मान जरा खाली. मी म्हटलं झोप लागली. पोराला शिंक आली तरी मी म्हणते आता न्यूमोनिया होणार, आणि त्या दिवशी माझ्या मनात काय आलं तर झोप लागली. सुपाला हात लावला तेव्हा तुमचा हात घसरून खाली आला, तेव्हा कळलं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच होता. माझं बोलणं "म्हणजे"वर चालायचं. ह्यांना उशीर झाला, म्हणजे गाडी घसरली. फोन लागत नाही, म्हणजे फोन रस्त्यात पडलाय आणि हे फोनच्या बाजूला. पहूरहून आईचा सकाळी सकाळी फोन आला, म्हणजे आबा गेले, आणि आई विचारायची कैरीचं लोणचं बिघडलं का गं तुझं पण. मी धावत तुमच्याकडे यायची, श्वास पुरायचा नाही, आणि तुम्ही हातातलं खाली ठेवायच्या, माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, एकदम गप. माझं सगळं बोलून झालं की एकच विचारायच्या.

"कसावरतीन?"

म्हणजे कशावरून. आमच्या पहूरचं बोलणं वेगळं, तुमची धुळ्याची अहिराणी मला सुरवातीला अर्धीच कळायची, पण हा शब्द लवकर शिकले, दिवसातून इतक्यांदा ऐकायला लागायचा.

"गाडी घसरनी? कसावरतीन वं?"

"अहो आक्का, उशीर झाला ना एवढा."

"मंग उशीर व्हयना इतलंच म्हन. गाडी कोठेन उनी?"

गाडी कुठून आली म्हणे, मला हसू यायचं आणि रागपण यायचा. मी नववीपर्यंत शिकलेली, शाळेत विज्ञानाला आधी निरीक्षण लिहायचं, खाली अनुमान. आमच्या शाळेत सामान कुठलं, बाई दोन्ही फळ्यावर लिहून द्यायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. म्हणून असेल, मला अनुमान लगेच यायचं, निरीक्षणाची सवयच नव्हती. तुम्ही तर शाळेचं तोंड पाह्यलेलं नाही, आणि मला म्हणायच्या, आधी काय दखं ते सांग, मंग काय वाटस ते सांग. घरात प्रत्येकाचं वेगळं. ह्यांचं काय तर "असेल". पोराला ताप आहे का हो? असेल. सुरेखाताईंचं "नक्कीच". तुमचं कसावरतीन. आता ह्यांचं असेल तेवढं उरलंय घरात, आणि माझं म्हणजे.

लग्न करून आले तेव्हा आईनं शिकवून पाठवलं होतं, सासूसमोर डोक्यावर पदर, मान खाली, आवाज हळू. मी तसंच करायची आणि तुम्ही उत्तरच द्यायच्या नाही. मी विचारायची भाजी कोणती करू, तुम्ही सुपात बघत बसायच्या. मी रात्री ह्यांना म्हटलं, आक्कांना मी आवडले नाही. हे म्हटले, असेल. मग एक दिवस तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, पदर मागे टाकला आणि म्हटल्या, "मनाकडे तोंड करीसन बोल. आठे पदर घ्यायचा नही." मी घाबरले. तुमच्याकडे तोंड करून बोल म्हणता, म्हणजे मी काहीतरी लपवते असं तुम्हाला वाटतं, असं मला वाटलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं, आक्का फार सुधारलेली, सुनेला पदर घेऊ देत नाही. तुमचं नावच झालं त्याच्यावर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या बायकांनी तुम्हाला पुढे खुर्चीवर बसवून नारळ दिला, भाषण केलं, आणि मी मागून बघत होते, सगळ्या टाळ्या वाजवायच्या, मग तुम्ही वाजवायच्या, थोडं मागून. कोणी हसलं की हसायच्या. मला वाटलं, आक्काला मिरवायचं कौतुकच नाही, किती साधी बाई.

आक्का, माझी सगळी अनुमानं चुकली की हो.

आणि ह्यांची ती सवय. काही बोलायचं तर आधी खांद्याला हात लावणार, मग बोलणार. नवीन होते तेव्हा मी चारचौघांत लाजेनं मरायची, म्हणायची अहो लांबून सांगा ना. मित्राशी बोलतानापण तसंच, दुकानात गिऱ्हाईकालापण तसंच. मला वाटायचं माणूस मायाळू आहे. आहेतच, नाही असं नाही. पण ती सवय मायेची नव्हती, ते आता कळलं.

गोलूचं सांगते. तुम्हाला माहीत आहे तरी सांगते, कारण ते भांडण आपलं अर्धंच राहिलं.

तो कुकरच्या शिट्टीला दचकायचा नाही. गल्लीतून वरात गेली, बँड दारासमोर थांबून नाचले लोक, तो मांडीवर झोपलेला. दिवाळीत शेजारच्यांनी लड लावली, मी उडाले, तो नाही उडाला. सगळे म्हणायचे काय गुणी पोरगं आहे, फटाक्यात झोपतं. आणि मला ते गुणाचं वाटेना. मी महिनाभर कोणाला बोलले नाही. मग एक दिवस धावत तुमच्याकडे आले, म्हटलं आक्का, ह्याला ऐकू येत नाही.

मी वाट बघत होते तुम्ही विचाराल. मी सगळं जमवून ठेवलं होतं, कुकर, बँड, लड. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला होतं कशावरून ते.

तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही म्हटल्या, "नही." आणि परत डाळीत हात घातला.

"आक्का, ऐका तर." मी तुमचा हात धरला.

"नही सांगं ना. झोप गाढ शे त्यानी. मना राजूनीबी आशीच व्हती." तुम्ही ह्यांचं नाव काढलं.

"झोपेतलं नाही म्हणत मी, जागा असतो तेव्हापण..."

"येडी शे का तू? पोऱ्यानं नाव खराब करस. परत हाई बोलू नको, बाहेर तं नहीच."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. मी आत जाऊन रडले. मला राग आला होता तुमचा, आक्का, खोटं कशाला बोलू. म्हटलं माझ्या साध्या साध्या भीतीला विचारत बसते कशावरून कशावरून, आणि ही एवढी खरी भीती, तर विचारत नाही.

मग मीच मागे लागले, आवाज करूनच बघू. तुम्ही नको नको म्हणत होत्या. शेवटी, तुम्ही गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, गोलूला मी समोर बसवला, माझ्याकडे तोंड करून, हातात त्याच्या डबीचं झाकण दिलं. तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहिल्या, ताट आणि लाटणं घेऊन. आणि वाजवलं. आणि त्यानं झटकन मागे वळून पाह्यलं.

"दख!" तुम्ही म्हटल्या. "दख, आयकस तो! आते बोल!"

मी त्याला उचलून एवढे मुके घेतले, तो चिडला. आपण त्या दिवशी भरीत केलं होतं, तुम्ही पातीचा कांदा जास्त टाकला आणि मी काही बोलले नाही, खुशीत होते. जेवताना तुम्ही मात्र गप. आणि हात धुताना मला म्हटल्या, "त्यानासंगे तोंड दखाडीसन बोलत जाय. बठ्ठासले सांग. मांगून हाक मारानी नही." मी हो हो म्हटलं, सांगते सगळ्यांना. काही लक्षातच आलं नाही.

ऐकतो म्हणालात ना, आक्का? मग तोंड दाखवून कशाला बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर ते झालं.

तुम्हाला पोचवून आल्यावर तुम्ही जिथं गेल्या तिथं दिवा लावला, पीठ पसरलं, त्याच्यावर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून पिठात कशाचं पाऊल उमटलं ते बघायचं, त्यावरून माणूस पुढच्या जन्मी कशाच्या पोटी जाणार ते ओळखायचं. तुम्ही स्वतः किती जणांच्या घरी जाऊन बघायच्या, आणि परत येऊन म्हणायच्या, उंदराचा पाय होता, पण कोण सांगणार. सकाळी ओट्यावर बायकांची गर्दी. सुरेखाताईंनी टोपली उचलली.

"चिमणीचा पाय आहे बघा. तीन बोटं पुढं."

"चिमणी कसली, गाईचं खूर दिसतंय मला तर."

"आक्का आणि गाय? गरीब गाय होती का ती? वाघीण म्हण."

पदर तोंडाला लावून हसल्या सगळ्या, सुरेखाताई रडता रडता हसल्या. मीपण. आणि तेवढ्यात गोलू रांगत मधून घुसला, त्याला तो दिवा दिसला. बायका एकदम ओरडल्या, अगं धरा, धरा, दिवा, पोराला धरा! सुरेखाताई मागे सरकल्या तर त्यांच्या पायानं चहाचं मोठं पातेलं ओट्यावरून खाली गेलं, झाकणासकट, फरशीवर. केवढा आवाज. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. प्रत्येक बाई दचकली. मी स्वतः दचकले.

तो नाही दचकला. त्याच्या मागे हातभर अंतरावर पातेलं पडलं आणि तो पिठात हात थोपटत बसला, हसत.

मग त्यानं वर पाह्यलं. माझ्याकडे. मी पातेल्याकडे बघत होते, घाबरून. त्यानं माझे डोळे बघितले, आणि मी जिकडे बघत होते तिकडे मान वळवली. पातेलं दिसलं. मग दचकला, आक्का. मग रडला.

मला ते ताट आठवलं. तुम्ही ताट वाजवलं तेव्हा मी त्याच्या डोक्यावरून तुमच्याकडेच बघत होते ना. त्यानं माझ्या डोळ्यांवरून ओळखलं मागे कोणीतरी आहे. त्याला आवाज नव्हता आला.

बायका तोवर खुश झालेल्या. पिठात त्याचा पंजा उमटला होता ना. म्हटल्या बघा बघा, नातवाचा हात! आक्का ह्याच्याच घरात येणार परत! सुरेखाताई म्हटल्या नक्कीच, आणि मला मिठी मारली. मला एकच वाटत होतं, आक्काला सांगायला पाहिजे. पळत जाऊन सांगायला पाहिजे. आणि ओट्यावर एवढ्या बायका, आणि तुमचं पोतं रिकामं.

गंधमुक्तीपर्यंत गप राहिले. पाहुणे गेल्यावर ह्यांना सांगितलं. हे पहिल्यांदा असेल म्हटले नाही. हे रागावले.

"आईनं ताट वाजवलं होतं. त्यानं पाह्यलं होतं. तूच सांगितलं मला. आता आई गेली तर आईला खोटं पाडतेस?"

"मी नाही पाडत हो. मी फक्त..."

"तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं. आई होती तर सांभाळून घ्यायची. आता मी काय करू?"

मी गप बसणार होते, खरंच सांगते, मी गप बसणारीच बाई. पण तुमचा तो शब्द आठवला, आणि वाटलं, हे विचारत नाहीत तर मीच सांगते कशावरून. मी गोलूला समोर बसवला, तसाच. ह्यांना म्हटलं, ताट घ्या आणि मागे उभे राहा. आणि मी डोळे मिटले. घट्ट मिटले. म्हटलं वाजवा.

ताट वाजलं. परत वाजलं. माझ्या कानाला त्रास व्हायला लागला तरी मी डोळे उघडले नाही. माझ्या गुडघ्यावर त्याचे हात होते, तो झाकण आपटत होता, तसाच आपटत राहिला. मग ताट थांबलं. मी डोळे उघडले आणि ह्यांच्याकडे पाह्यलं. आणि गोलूनं लगेच मागे वळून पाह्यलं. बापाला बघून हसला.

हे खालीच बसले. मग म्हटले, "आईपण अशीच करायची."

"काय?"

"मी शाळेतून यायचो, दारातून आई आई ओरडायचो. ती बघायचीच नाही. पदर ओढला की मग वळायची. लहान होतो, वाटायचं सगळ्यांच्या आईला पदर ओढूनच बोलवायचं असतं."

आणि हे बोलताना ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आक्का. त्याच वेळी आम्हाला दोघांना तो हात दिसला. मग हे रडले. तुम्हाला नेलं तेव्हा रडले नव्हते तेवढे रडले.

मग मला सगळं उलगडत गेलं, पदर, टाळ्या, सुपात बघत बसणं, माझ्या तोंडाकडे एवढं लक्ष देऊन बघणं. मला वाटायचं ह्या जगात माझं इतकं मन लावून ऐकणारी एकच बाई आहे. आताही तेच वाटतं. ऐकू येत नव्हतं तरी तेच वाटतं. उलट जास्त वाटतं.

पण एक उलगडत नाही. तुम्हाला माहीत होतं ना गोलूचं? माझ्याआधी माहीत होतं? म्हणूनच विचारलं नाही ना, की विचारलं तर मी सांगेन, आणि सांगितलं तर ते खरं होईल? का तुम्हाला भीती वाटली की लोक म्हणतील आजीचंच आलं नातवात? का त्या ताटावर तुमचा खरंच विश्वास बसला होता, त्या एका दिवसापुरता? मी दिवसभर हेच करत बसते, एकदा हे वाटतं, एकदा ते वाटतं, आणि प्रत्येक वेळी तुमचाच आवाज येतो, कसावरतीन वं? आणि मला सांगता येत नाही. दाखवायला काहीच नाही माझ्याकडे. आपलं न ऐकू येणं तुम्ही एकट्याच घेऊन बसल्या होत्या, एवढी वर्षं, भरल्या घरात. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? घाबरले असते. ते तर खरंच.

परवा आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. हे दुकानावर सुट्टी टाकून आले. तिथं एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याएवढ्याच असतील, कागदावर लिहीत लिहीत म्हटल्या, तुम्हाला कशावरून वाटलं की ऐकू येत नाही?

त्यांनी आपलं सहज विचारलं. रोज विचारत असतील. पण मला तिथं खुर्चीवर रडूच फुटलं, हे बघत राहिले, डॉक्टरबाई म्हटल्या पाणी देऊ का. मी म्हटलं नको, सांगते. आणि सगळं सांगितलं. आधी काय पाह्यलं ते, मग काय वाटलं ते. कुकर, बँड, लड, पातेलं, ताट. डोळे मिटलेलं ताट. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि ऐकलं. मग म्हटल्या, घरात आणखी कोणाला असं आहे?

मी ह्यांच्याकडे पाह्यलं. ह्यांनी सांग म्हणून मान हलवली.

"माझ्या सासूबाईंना होतं," मी म्हटलं. पहिल्यांदा बोलले मोठ्यानं. माफ करा म्हणणार नाही, आक्का. लपवून ठेवलं तर ह्यालापण तुमच्यासारखं एकट्यानंच ओळखत बसावं लागेल, कोण हसलं, कोण उठलं, टाळी कधी वाजवायची.

झोपवून कानामागे वायरी लावल्या त्याच्या. एका कानाला फारच कमी आहे, दुसऱ्याला थोडं येतं. आता जळगावला अजून एक तपासणी आहे, मग मशीन लावून बघू म्हणाल्या. बोलेल का, विचारलं. म्हणाल्या आत्ताच सांगता येत नाही, पण लवकर आणलंत. मी येताना एसटीत ह्यांना म्हटलं, लवकर आणलं म्हणजे बोलेल. आणि मग मीच गप झाले.

आता मी त्याच्याशी तोंड दाखवून बोलते, तुम्ही सांगितलं तसं. त्याच्या उंचीला बसून. पण आक्का, तुम्ही एक सांगितलं नाही, की मग तोंडसुद्धा सांभाळावं लागतं. तो माझ्या तोंडावरूनच सगळं ओळखतो. कुत्रं दिसलं की आधी माझ्याकडे बघतो. दारात नवीन माणूस आला की माझ्याकडे बघतो. मी घाबरलेली दिसले की तोपण घाबरतो. आणि मी तर सारखीच घाबरलेली. तुम्ही होत्या तेव्हा घाबरून तुमच्याकडे पळत यायची सोय होती, आता पळत कुठं जाणार, मी उठले की तो माझ्याच मागे येतो.

आज तो दुसरा कप घेऊन मी ओट्यावर उभी होते ना, तेव्हा तो रांगत आला. तुमच्या पोत्यावर चढला, भिंतीवर हात टेकून उभा राहिला, जिथं तुमचं डोकं टेकलेलं असायचं तिथंच. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंत थोपटली. मग वळून माझ्या तोंडाकडे पाह्यलं, तुम्ही बघायच्या तसं, एकदम गप, माझं बोलून होईपर्यंत थांबल्यासारखं.

चहा निवत होता, आक्का, आणि मला कळेना मी कोणतं तोंड करू.